चहा स्वस्त होत होता, तरी बोस्टनकरांनी तो समुद्रात का टाकला?

प्रश्न असा आहे: "१७७३च्या चहा कायद्याने अमेरिकेत चहा स्वस्त झाला असं पुस्तकात दिलंय आणि पुढच्याच ओळीत लोकांनी चिडून तो समुद्रात फेकला असं दिलंय. स्वस्त मिळणाऱ्या वस्तूवर कुणी चिडतं का? आणि एक पौंड वजनाच्या चहामागे तीन पेन्स एवढ्याशा करासाठी कुणी राज्य सोडून जातं का?"

सव्वीस वर्षं मी पदवीच्या वर्गांना अमेरिकेचा इतिहास शिकवतो आहे. दर वर्षी हा प्रश्न वर्गातून यावा म्हणून मी थांबतो, आणि बहुतेक वर्षी तो येत नाही. मुलं दोन्ही ओळी पाठ करून पुढे जातात. ज्याला या दोन ओळींमध्ये काहीतरी खटकलं, त्याला अमेरिकन क्रांतीचं दार सापडलं असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चहा खरोखरच स्वस्त होत होता, हे आधी मान्य करू. बोस्टनकरांना भीती वाटली ती त्या स्वस्ताईचीच. चहा स्वस्त मिळाला की लोक तो घेणार, घेतला की त्यावरचा कर आपोआप भरला जाणार, आणि त्या कराच्या पैशातून त्यांच्यावर राज्य करणाऱ्या माणसांचे पगार निघणार. हा शेवटचा दुवा पुस्तकात नसतो.

थोडं मागून सुरुवात करावी लागेल. १७५६ ते १७६३ हे सात वर्षांचं युद्ध ब्रिटनने जिंकलं, कॅनडा फ्रेंचांकडून घेतला, पण राष्ट्रीय कर्ज साधारण साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या घरात गेलं. अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचं ठरलं आणि त्यांच्या खर्चाचा काही भाग वसाहतींनी उचलावा असं लंडनला वाटलं. लंडनच्या बाजूने पाहिलं तर ही मागणी अन्यायाची दिसत नाही. इंग्लंडमधला सामान्य माणूस वसाहतीतल्या माणसापेक्षा किती तरी जास्त कर भरत होता. अमेरिकन क्रांती म्हणजे कराच्या ओझ्याखाली पिचलेल्या लोकांचा उठाव, असं समजून वाचायला बसलात तर हिशोब कधीच जुळणार नाही. त्या काळी जगात सर्वांत कमी कर भरणाऱ्या लोकांमध्ये त्यांची गणना होईल.

१७६५चा मुद्रांक कायदा आला तेव्हा वर्तमानपत्रं, दस्तऐवज, परवाने, एवढंच काय, खेळायचे पत्तेही मुद्रांकित कागदावर असणं सक्तीचं झालं. बोस्टनमध्ये मुद्रांक वाटपासाठी नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा १४ ऑगस्टला एका एल्म वृक्षाला टांगला गेला आणि २६ ऑगस्टच्या रात्री लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचं घर जमावाने अक्षरशः पोखरून काढलं. हचिन्सन हे नाव लक्षात ठेवा. पुढे चहाच्या प्रकरणात तेच गव्हर्नर होते.

"प्रतिनिधित्व नाही तर कर नाही" या घोषणेचा अर्थ आपण बहुतेक वेळा चुकीचा लावतो. लंडनच्या पार्लमेंटमध्ये आम्हाला चार जागा द्या, असं त्यांचं म्हणणं नव्हतं. ऑक्टोबर १७६५ मध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले. एवढ्या अंतरावरून पार्लमेंटमध्ये आपलं प्रतिनिधित्व होऊच शकत नाही, त्यामुळे आमच्यावर कर बसवायचा तर तो आमच्या इथल्या सभेनेच, असं त्यांनी ठरावात स्वच्छ लिहिलं. प्रत्येक वसाहतीत निवडून आलेली एक सभा होती. बोस्टन ज्या वसाहतीत येतं त्या मॅसॅच्युसेट्समधली सभा तर गव्हर्नरचा पगार दर वर्षी नव्याने मंजूर करायची. राजाने नेमलेला गव्हर्नर असला तरी वर्षाअखेरीस त्याला याच लोकांपुढे हात पसरावा लागे. कायमचा पगार ठरवून द्या म्हणून गव्हर्नर बर्नेट यांनी १७२८-२९ मध्ये हट्ट धरला होता. सभेने तो मानला नाही. थैलीची नाडी आपल्या हातात असल्याशिवाय सत्तेवर वचक राहत नाही, हे त्या शेतकरी-व्यापाऱ्यांना दोन पिढ्यांच्या अनुभवातून कळलेलं होतं.

मुद्रांक कायदा १७६६ मध्ये मागे घेतला गेला, पण त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा कायदा करून वसाहतींवर सर्व बाबतीत कायदे करण्याचा आपला अधिकार जाहीर केला. १७६७ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री टाउनशेंड यांनी काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांच्यावर जकात बसवली. ही जकात कशासाठी, तर न्यायदान आणि मुलकी कारभाराच्या खर्चासाठी, असं कायद्यातच म्हटलेलं होतं. म्हणजे गव्हर्नर आणि न्यायाधीश यांचे पगार. बहिष्कार झाला, व्यापार घटला, आणि १७७० मध्ये चहा सोडून बाकीच्या जकाती उठल्या. चहावरचे तीन पेन्स मात्र राहिले. पंतप्रधान लॉर्ड नॉर्थ यांना ते अधिकाराची खूण म्हणून हवे होते.

१७७२ मध्ये ती खूण कामाला लागली. गव्हर्नर हचिन्सन यांनी सभेला कळवलं की यापुढे आपला पगार राजाकडून, जकातीच्या उत्पन्नातून येईल. पाठोपाठ वरिष्ठ न्यायाधीशांबाबतही तीच बातमी आली. मी वर्गात इथे थांबतो आणि विचारतो: तुमच्या तालुक्यातला न्यायाधीश आणि सगळे अधिकारी तुमच्याकडून पैसे घेतात, पण तुम्हाला कशाचंही उत्तर द्यायला बांधील नाहीत, हे ऐकून तुम्ही काय कराल? बोस्टनने नोव्हेंबर १७७२ मध्ये एकवीस जणांची पत्रव्यवहार समिती नेमली. गावोगाव पत्रं गेली, गावांनी आपापल्या सभांमध्ये ती वाचून उत्तरं पाठवली. ही समिती उभी करणारे बोस्टनचे पुढारी सॅम्युअल अ‍ॅडम्स यांचं सगळ्यात मोठं काम मी हेच मानतो. चहाची जहाजं बंदरात आली तेव्हा हे जाळं तयार होतं.

आता कंपनीकडे वळू, कारण इथे आपला संबंध येतो.

ईस्ट इंडिया कंपनीला १७६५ मध्ये बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा अधिकार, मिळाली. भागधारकांना वाटलं सोन्याची खाण लागली, लाभांश साडेबारा टक्क्यांपर्यंत चढवला गेला. पण १७६९-७० मध्ये बंगालात भयानक दुष्काळ पडला, लष्करी खर्च वाढतच गेला, आणि १७७२ मध्ये लंडनच्या पेढ्या कोसळल्या तेव्हा कंपनीकडे देणी भागवायला रोकड उरली नाही. गोदामांत मात्र सुमारे १ कोटी ७० लाख पौंड वजनाचा चहा पडून होता. हा चहा आसामचा नाही, तो उद्योग १८३०च्या दशकानंतरचा. हा सगळा माल चीनमधल्या कँटनहून आलेला होता. अमेरिकेत चहाला गिऱ्हाईक भरपूर होतं, पण तिथे डच व्यापाऱ्यांकडून चोरून आणलेला चहा जास्त खपत होता, कारण तो स्वस्त पडे.

तेव्हा १७७३च्या मे महिन्यात चहा कायदा झाला. आधीच्या पद्धतीत कंपनी लंडनला चहाचा लिलाव करायची, इंग्रज व्यापारी तो घेऊन अमेरिकेतल्या व्यापाऱ्याला विकायचे, तिथून तो दुकानदाराकडे जायचा, आणि प्रत्येक हात आपला नफा ठेवायचा. आता कंपनीला थेट जहाजं भरून अमेरिकेतल्या निवडक अडत्यांकडे माल धाडता येणार होता, आणि इंग्लंडात भरलेली आयात जकात तिला पूर्ण परत मिळणार होती. मधले हात गेले, एक जकात गेली, भाव चोरट्या डच चहाच्या पातळीला येऊ लागला. फक्त अमेरिकेतली तीन पेन्सची जकात तशीच राहिली. ती तेवढी काढून टाका, नाहीतर ते लोक चहा घेणार नाहीत, असा इशारा विल्यम डाउड्सवेल यांनी पार्लमेंटमध्येच नॉर्थना दिला होता. नॉर्थनी ऐकलं नाही. माझ्या मते अठराव्या शतकातल्या ब्रिटिश कारभारातली ही सर्वांत महागडी चूक. त्या तीन पेन्सांतून तिजोरीला फारसं काही मिळणार नव्हतं, आणि ती जकात गेली असती तर कंपनीचा चहा खपला असता.

बोस्टनमध्ये कंपनीने नेमलेल्या अडत्यांत थॉमस आणि एलिशा हे गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे होते. चहाच्या जकातीतून बापाचा पगार आणि चहाच्या अडतीतून मुलांचा नफा! लोकांना आणखी पुरावा लागला नाही. मक्तेदारीची भीतीही होतीच: आज चहा, उद्या दुसरा माल, आणि स्थानिक व्यापारी देशोधडीला. चोरटा चहा आणणाऱ्या व्यापाऱ्यांचं नुकसान होणार होतं, हेही खरं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. काही अभ्यासक हेच खरं कारण मानतात. मला ते पुरेसं वाटत नाही. चोरट्या व्यापाऱ्यांच्या नफ्यासाठी हजारो कारागीर, खलाशी आणि आसपासच्या गावांतले शेतकरी डिसेंबरच्या थंडीत तीन आठवडे सभांना येत राहणार नाहीत.

आपल्याकडे अभ्यासक्रमात हे दोन वेगळ्या पेपरांत वाटलं गेलंय म्हणून इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. चहा कायदा आणि भारतासाठीचा १७७३चा नियामक कायदा हे एकाच संकटातून, एकाच पार्लमेंटमध्ये, काही आठवड्यांच्या अंतराने निघाले. कंपनीला १४ लाख पौंडांचं कर्ज मिळालं, त्या बदल्यात तिच्या कारभारावर देखरेख आली, वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाले, आणि युद्ध-तहाच्या बाबतीत मुंबईकर इंग्रज कलकत्त्याच्या ताब्यात गेले. म्हणूनच मार्च १७७५ मध्ये मुंबईने रघुनाथरावांशी परस्पर केलेला सुरतचा तह कलकत्त्याने अमान्य केला आणि १७७६ मध्ये पुरंदरचा तह झाला. पुढे १७७७ मध्ये सेंट लुबिन हा फ्रेंच वकील पुण्यात आला आणि नाना फडणवीसांनी त्याला जवळ केलं, तेव्हा मुंबईकरांना पुन्हा युद्धाचं निमित्त मिळालं. वडगावला जानेवारी १७७९ मध्ये इंग्रज फौजेने शरणागती पत्करली, त्या वेळी अमेरिकेतही ब्रिटिश सैन्य अडकलेलं होतं. बोस्टनचा चहा आणि पुण्याचं बारभाई कारस्थान एका टेबलावर ठेवून वाचलं की कितीतरी गोष्टी सुटसुटीत दिसतात.

आता प्रत्यक्ष घटना. डार्टमथ हे जहाज २८ नोव्हेंबर १७७३ला बोस्टनला पोहोचलं, मग एलेनॉर आणि बीव्हर आली. नियम असा की वीस दिवसांत जकात भरली नाही तर जकात खातं माल जप्त करणार. जप्त झालेला चहा विकला जाऊन जकात वसूल होईल, म्हणजे शेवटी कर भरल्यासारखंच, अशी लोकांना खात्री होती. त्यांची मागणी एवढीच की चहा आहे तसा परत न्या. फिलाडेल्फियाचं पॉली जहाज तसं परत गेलंही, कारण त्याची बंदरात रीतसर नोंद झालेली नव्हती. बोस्टनची जहाजं नोंदली गेली होती. जकात भरल्याशिवाय परवाना नाही, परवान्याशिवाय बंदराच्या किल्ल्यासमोरून बाहेर जायला गव्हर्नरचा पास नाही, आणि हचिन्सन एक पाऊल मागे यायला तयार नव्हते. ते मनाने दुष्ट नव्हते. कायद्याला धरून चालणारे, इतिहासाचे अभ्यासक असलेले, मॅसॅच्युसेट्समध्येच जन्मलेले गृहस्थ होते. पण १७६५ मध्ये घर लुटलं गेल्यावर जमावापुढे पुन्हा वाकायचं नाही असं त्यांनी मनाशी धरलं असावं, असं मला त्यांचं वागणं पाहून वाटतं.

वीस दिवसांची मुदत १७ डिसेंबरला भरत होती. १६ तारखेला ओल्ड साउथ या प्रार्थनागृहात सुमारे पाच हजार माणसं जमली होती. सगळ्या बोस्टनची वस्ती तेव्हा सोळा हजारांच्या आसपास. पास मागण्यासाठी डार्टमथच्या मालकांपैकी तरुण फ्रान्सिस रॉच यांना मिल्टन इथे हचिन्सन यांच्या बंगल्यावर धाडलं होतं. थंडीत घोड्यावरून जाऊन-येऊन ते परतले तेव्हा अंधार पडला होता, आत मेणबत्त्या लागल्या होत्या. पास नाही मिळाला, एवढंच त्यांनी सांगितलं.

थोड्याच वेळात तोंडाला काजळी फासून, अंगावर घोंगड्या घेऊन, मोहॉक या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांसारखा वेश केलेली शंभरावर माणसं ग्रिफिनच्या धक्क्यावर उतरली. तीन गट, तीन जहाजं. बोही या काळ्या चहाची भरलेली पेटी दीडशे किलोच्या आसपास असते. ती कप्पीने वर ओढायची, कुऱ्हाडीने फोडायची, आणि कठड्यावरून रिकामी करायची. जवळजवळ तीन तास हे चाललं. ओहोटी होती, पाणी उथळ, त्यामुळे चहाचे ढीग गवताच्या गंजीसारखे वर येऊ लागले आणि पोरांना ते पायांनी आणि फळ्यांनी पसरवावे लागले. ३४२ पेट्या, ९२ हजार पौंड वजन, म्हणजे सुमारे ४२ टन. कंपनीने नुकसान मांडलं ९,६५९ पौंडांचं. जहाजांवरच्या दुसऱ्या कशालाही हात लागला नाही. एक कुलूप तुटलं होतं, ते नंतर भरून दिल्याचं सांगतात. कोटाच्या अस्तरात चहा भरून नेणाऱ्या एकाला मात्र तिथेच पकडून चोप देण्यात आला. चहा घरी नेला असता तर अख्खा प्रसंग चोरी ठरला असता, आणि हे तिथल्या साध्या कारागिरांनाही समजत होतं.

एक गैरसमज आहे की या घटनेने सगळी अमेरिका एक झाली. तसं झालं नाही. मालमत्तेची नासधूस पुष्कळांना आवडली नाही. जॉर्ज वॉशिंग्टन यांनी चहा नष्ट करणं आपल्याला पसंत नसल्याचं पत्रात लिहिलं, बेंजामिन फ्रँकलिन यांनी कंपनीला भरपाई द्यावी असं सुचवलं. वसाहती एक झाल्या त्या शिक्षेमुळे. पार्लमेंटने १ जून १७७४ पासून बोस्टन बंदर बंद केलं, आणि त्याहून गंभीर म्हणजे मॅसॅच्युसेट्सची सनदच बदलली. आधी निवडून येणारं वरिष्ठ मंडळ आता राजाच्या नेमणुकीने, आणि गावसभा वर्षातून एकच. जास्त हवी असेल तर गव्हर्नरची परवानगी. तीन पेन्सांविषयी ज्यांना फारसं काही वाटत नव्हतं, त्यांनाही हे समजलं. बोस्टनच्या मदतीला दक्षिण कॅरोलायनाहून तांदूळ आला, कनेक्टिकटहून मेंढ्यांचे कळप हाकत आणले गेले.

६ सप्टेंबर १७७४चा वूस्टर गावचा प्रसंग आपल्याकडे फारसा कुणी शिकवत नाही, मला तो चहाइतकाच महत्त्वाचा वाटतो. आसपासच्या सदतीस गावांतले सुमारे ४,६०० पुरुष मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रांगा करून उभे राहिले. न्यायालयाच्या अधिकाऱ्यांना हॅट हातात घेऊन त्या रांगांमधून चालावं लागलं आणि आम्ही नव्या कायद्याखाली काम करणार नाही हे पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचावं लागलं. एकही गोळी सुटली नाही. बोस्टनबाहेरच्या मॅसॅच्युसेट्समधली ब्रिटिश सत्ता त्या शरद ऋतूतच संपली होती. १९ एप्रिल १७७५ला ब्रिटिश सैनिक लेक्झिंग्टन-काँकॉर्ड या गावांकडे गेले ते गेलेली सत्ता परत मिळवायला, आणि तिथे युद्धाला तोंड फुटलं.

तरीही स्वातंत्र्य हा शब्द उघडपणे यायला आणखी एक वर्ष लागलं. जुलै १७७५ मध्ये, बोस्टनजवळची बंकर हिलची लढाई होऊन गेल्यावरसुद्धा, काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, राजाकडे तडजोडीचा अर्ज धाडला. राजाने तो स्वीकारला नाही, ऑगस्टमध्ये बंडाची घोषणा केली, आणि मग जर्मन संस्थानांतून भाडोत्री सैन्य आणलं. पार्लमेंटशी भांडतानाही राजा आपला, असं ज्यांना वाटत होतं त्यांचा आधार तिथे तुटला. २ जुलै १७७६ला स्वातंत्र्याचा ठराव झाला, ४ तारखेला जाहीरनामा मंजूर झाला.

संमतीचा हा सगळा विचार कुणापुरता होता, हे सांगितल्याशिवाय मला हा धडा शिकवताच येत नाही. वसाहतींच्या सुमारे २५ लाख लोकांपैकी पाचवा हिस्सा गुलाम होता. जानेवारी १७७३ मध्ये, चहाच्या अकरा महिने आधी, बोस्टन आणि आसपासच्या गुलामांनी याच हचिन्सनकडे आणि याच सभेकडे अर्ज केला: आमच्याकडे मालमत्ता नाही, बायकामुलं आमची नाहीत, देश नाही. अर्जाचं काही झालं नाही. पुढे नोव्हेंबर १७७५ मध्ये व्हर्जिनियाचे गव्हर्नर डनमोर यांनी बंडखोरांचे जे गुलाम ब्रिटिशांकडून लढतील त्यांना मुक्त करू असं जाहीर केलं, तेव्हा शेकडो जण जीव धोक्यात घालून त्यांच्याकडे पळाले. त्यांच्यासाठी स्वातंत्र्याची बाजू ती होती.

आता त्या तीन पेन्सांचं शेवटी काय झालं ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग तोच आहे. ऑक्टोबर १७७७ मध्ये साराटोगाला ब्रिटिशांचं एक अख्खं सैन्य शरण आलं. ६ फेब्रुवारी १७७८ला फ्रान्सने अमेरिकेशी तह केला. घाबरून पार्लमेंटने त्याच वर्षी कायदा केला: वसाहतींवर उत्पन्नासाठी कर बसवणार नाही, आणि चहावरची जकात रद्द. हे घेऊन अर्ल ऑफ कार्लाइल यांचं शिष्टमंडळ जून महिन्यात फिलाडेल्फियाला पोहोचलं, तेव्हा तिथलं ब्रिटिश सैन्य शहर सोडण्यासाठी सामान बांधत होतं. काँग्रेसने उत्तर दिलं की आधी आमचं स्वातंत्र्य मान्य करा किंवा तुमची फौज आणि आरमार परत न्या, मग बोलू.